इंजिनापासून दुसरा डबा

असाहिकावा, ८ डिसेंबर १९५४

ताई,

तू पुन्हा तेच लिहिलंस. गाडी गार होती, गाडी गार होती. गार होती तर मी काय करू? शिमा काकू लेकीकडे जाऊन आल्या, त्यांचे गुडघे धरले, आणि आता गावभर सांगत सुटल्यात की तोयोचा भाऊ कोळसा घालायचा सोडून इंजिनात झोपा काढतो. तू ते ऐकून घेतलंस ते घेतलंस, वर दहा येनाचं तिकीट लावून मला कळवलंस.

काकूंना विचार, बसल्या कुठे होत्या? मीच सांगतो. शेपटाच्या डब्यात. कारण तिथे जागा मिळते. तिथेच का मिळते, हे कुणी विचारत नाही.

मागच्या वर्षी सांगितलं होतं, आता शेवटचं सांगतो. डब्यांमध्ये शेगड्या नसतात. इंजिनातली वाफ बाकांखालच्या नळातून जाते, एका डब्यातून दुसऱ्यात, मधे रबरी नळ्या जोडलेल्या. पहिल्या डब्यांना ती कढत मिळते, मधल्यांना कोमट, आणि शेपटाला पोचेस्तोवर तिचं पाणी झालेलं असतं. दहा-अकरा डबे म्हणजे काही थोडीथोडकी लांबी नाही. आणि ही वाफ काही निराळी नसते. गाडी ओढते तीच. खिंडीच्या चढावर जोर कमी पडायला लागला की ड्रायव्हर म्हणतो, "चावी बंद." मग मी डब्यांकडे जाणाऱ्या वाफेची चावी बंद करतो. चढ संपला की उघडतो. तेवढ्या वेळात मागच्या डब्यातली माणसं मला शिव्या देऊन मोकळी होतात. फायरमन झालो तेव्हा वाटलं होतं, पोरं इंजिनाकडे बघून हात हलवतील.

तेव्हा आपल्या गावातलं कुणी आमच्या गाडीनं येणार असेल तर सांग, इंजिनापासून दुसऱ्या डब्यात बसा. पहिला टपालाचा. दुसऱ्यात बसलेला माणूस कोट काढून ठेवतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

माझे ड्रायव्हर बदलले. आता ओनोदेरा-सान आहेत. सबंध फेरीत चार शब्द बोलतात, त्यातले दोन 'कोळसा' असतात. पण माणूस वाईट नाही. जेवणाचा डबा उघडला की मुळ्याच्या लोणच्याची एक फोड न बोलता माझ्या झाकणात टाकतात.

बाबांचा खोकला कसा आहे ते तू लिहिलं नाहीस. काकूंच्या गुडघ्यांनीच पान भरलं असणार.

किसाकु


कामिझावा, १७ डिसेंबर

किसाकु,

पत्राची सुरुवात हवामानानं करावी, भांडणानं नाही, हे शाळेत शिकवतात. तू त्या दिवशी गेला नसशील. तर, इकडे बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलंय, पुदिन्याची शेतं कुठली आणि रस्ता कुठला ते कळत नाही, आणि आम्ही सगळे ठीक आहोत.

हे शेवटचं वाक्य रीतीप्रमाणे लिहिलं. खरं नाही. ते पुढे सांगते.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. वाफेचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "सगळं बरोबर लिहिलंय गाढवानं. मग आपल्या भट्टीवर बसवला होता तेव्हा काय झालं होतं?" पुदिन्याचं तेल वाफेवर निघतं, जाळ कमी-जास्त झाला की तेल जळकट होतं, हे त्यांनी तुला किती वर्षं सांगितलं. पण एका जागी बसून जाळ सारखा ठेवायचा म्हणजे तुझ्या जिवावर यायचं. मी म्हटलं, आता ठेवतो की तिकडे. तर म्हणाले, "तिकडे भट्टीच पळते ना, म्हणून टिकलाय." असं म्हणून हसले आणि हसता हसता जो खोकला लागला तो लवकर थांबेना.

आता ऐक. रागावू नकोस. उन्हाळ्यात कितामीच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो काढला होता. उजव्या फुप्फुसावर डाग आहे. तेवढा भाग कापून काढला तर माणूस वाचतो, नाहीतर दोन-तीन वर्षांचा प्रश्न, असं ते म्हणाले. ते काम सापोरोच्या मोठ्या इस्पितळातच होतं. तिथे खाट मिळायला नंबर लावावा लागतो, तो आम्ही तेव्हाच लावला. परवा पत्र आलं. एकवीस जानेवारीला दाखल व्हायचं.

तुला कळवलं नाही कारण बाबांनी बजावलं होतं. आणि मलाही वाटलं, तू काम टाकून पळत येशील, नाहीतर रागावून अजिबात येणार नाहीस. दोन्हीतलं मला काहीच नको होतं.

डॉक्टरांची अट एकच. अंगात ताप नको. साधं पडसंसुद्धा चालणार नाही, छाती उघडायची असते. म्हणून मी त्यांना तीन डगले घालते, तर त्यातले दोन ते हळूच काढून ठेवतात. तुझे दाजी लाकूडतोडीला डोंगरात गेलेत, बर्फ वितळेपर्यंत यायचे नाहीत. म्हणजे मीच घेऊन जाणार. मी कधी कितामीच्या पलीकडे गेलेली नाही. वीस तारखेला सकाळच्या गाडीनं निघू. ती तुझी गाडी का?

बाबा म्हणतात, तिच्यावर किसाकु असला तर मी घोंगडीही घेतो.

तोयो


असाहिकावा, २८ डिसेंबर

ताई,

पत्र येऊन सहा दिवस झाले. लिहायला बसलो की कागद फाटतो. उन्हाळ्यापासून. उन्हाळ्यात मी नदीत पोहायला गेलो त्याचं वर्णन तुला लिहिलं होतं आणि तू उत्तरात 'जपून' असं लिहिलं होतंस. बाबांना सांग, मी रागावलोय. नको, सांगू नकोस, त्यांना हसू येईल आणि मग खोकला.

काम टाकून आलो नाही. शेडच्या मुकादमाकडे गेलो आणि वीस तारखेची ती गाडी मागून घेतली. त्याला कारण सांगितलं नाही, नुसतं मला तीच हवी म्हटलं. तो म्हणाला, "जानेवारीत खिंडीची गाडी मागून घेणारा तू पहिलाच. प्रेमात पडलायस की कर्जात?" मी म्हटलं, दोन्ही. तर गाडी माझी.

आता नीट वाच आणि बाबांनाही वाचून दाखव. किसाकुनं सांगितलंय म्हण.

इंजिनापासून दुसरा डबा. कितामीला गाडी यायच्या आधी फलाटावर पुढे जाऊन उभे राहा. मधल्या डब्यात कुणी जागा दिली तरी बसायचं नाही. दुसऱ्यातच बसायचं, आणि उजवी-डावी जी मिळेल ती बाजू, पण बाकाखालचा नळ पायाशी येईल अशी. बाबांचे पाय त्यावर ठेव.

एन्गारूला गाडी बराच वेळ थांबते. तुमच्याकडचं इंजिन तिथे सुटतं आणि आमचं जोडतात. तिथून गाडी माझ्या हातात. तुम्ही खाली उतरू नका, फलाटावर वारा कापतो. मलाही यायला जमणार नाही, चढ सुरू व्हायच्या आधी भट्टी भरून घ्यायची असते आणि ओनोदेरा-सान मला हलू देत नाहीत. खिडकी पुसून हात हलवा. मी बघीन.

भाताचे गोळे जास्त घे. चढावर बर्फ असलं तर उशीर होतो. चांगल्या कोळशाची मोठी ढेकळं मी आतापासून बाजूला काढून ठेवायला लागलोय. बाबांना म्हणावं, जाळ कसा ठेवतात ते या खेपेला तुम्ही बघा.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा दोघांना. मोचीचे चिकट गोळे चावून चावून खायला सांग त्यांना.

किसाकु


असाहिकावा, २४ जानेवारी १९५५

ताई,

हे पत्र इस्पितळाच्या पत्त्यावर टाकतोय. मिळालं तर लगेच कळव. त्या दिवशी असाहिकावाला मी इंजिनावरून उतरलो तोवर तुमची गाडी पुढे दुसऱ्या इंजिनानं सुटलीसुद्धा होती. मला इंजिनाची राख काढून मगच उतरता आलं. धावत आलो तर फलाटावर नुसते तुमच्या डब्यांचे पाण्याचे डाग.

पण एन्गारूला मी हात बघितला. दुसऱ्या डब्याच्या खिडकीतला. काच बाहेरून बर्फानं भरलेली, तोंड दिसलं नाही, पण हात होता आणि बराच वेळ हलत होता. मी फावडं वर केलं. दिसलं का?

खिंडीत काय झालं ते तुम्हाला आतून काय कळलं असेल कोण जाणे, म्हणून सांगतो. बोगद्याच्या अलीकडे कापलेल्या डोंगरात वाऱ्यानं बर्फ आणून टाकलेलं होतं, इंजिनाच्या दिव्याएवढं उंच. आम्ही त्यात शिरलो आणि रुतलो. मागे घेतली, पुन्हा शिरलो. मागे घेतली, पुन्हा. तिसऱ्या वेळेला मागेही येईना. वारा असा की धुराड्यातला धूर परत तोंडावर. कोळसा भिजलेला, मी बाजूला काढलेली ढेकळं तोवर संपलेली. दाबाचा काटा बघता बघता खाली यायला लागला. ओनोदेरा-सान म्हणाले, "चावी बंद."

मी म्हटलं, "जरा थांबू या."

"चावी."

मी म्हटलं, "माझे वडील आहेत गाडीत. इस्पितळात चाललेत. त्यांना थंडी चालत नाही."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवून बघितलं. "कुठल्या डब्यात?"

"दुसऱ्या."

"मग ते सगळ्यात शेवटी गारठतील. बंद कर. गाडी हलली नाही तर सगळेच गारठणार आहेत."

बंद केली, ताई. बर्फ फेकणारं इंजिन पलीकडून येईपर्यंत अंधार झाला होता, आणि आम्हाला ओढून काढेपर्यंत उजाडायला आलं होतं. मधे दोनदा काटा जरा वर आला की थोडी उघडली आणि पुन्हा बंद केली. प्रत्येक वेळेला मनात म्हणायचो, पहिल्या डब्यांचे नळ तापलेले असतात, लगेच नाही थंड होत, बाबांचे पाय नळावर आहेत. तुमचा डबा माझ्या इतक्या जवळ होता की मधे नुसता टपालाचा डबा. तेवढाच आधार होता.

मागच्या डब्यांतल्या लोकांचं वाईट वाटलं. गार्ड सांगत होता, तिकडे नळात पाणी गोठलं आणि मग वाफ सोडली तरी जाईना.

डॉक्टर काय म्हणाले? कधी कापणार?

किसाकु


सापोरो, २९ जानेवारी

किसाकु,

तुझं पत्र मिळालं. आम्ही सुखरूप पोचलो. इथे खोलीत शेगडी आहे आणि परिचारिका प्रेमळ आहेत. डॉक्टर तपासण्या करतायत, दिवस अजून ठरवलेला नाही.

खिंडीत इतकं सगळं झालं ते तू लिहिलंस म्हणून कळलं. आम्हाला आतून पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. तू फार श्रम घेतलेस. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ओनोदेरा-सानांचं बोलणं आलं तेव्हा मान हलवली.

प्रवासातली गंमत सांगते. एन्गारूला गाडी थांबल्याबरोबर डब्यातले सगळे उठले आणि आपापली बाकं धरून फिरवायला लागले. पाठ पुढची मागे ढकलली की बाक उलट्या तोंडाचं होतं. आम्ही बघत राहिलो, तर समोरच्या मासेवाल्या बाई म्हणाल्या, "उठा उठा, नाहीतर सगळी वाट उलटं बसून जाल." मग आम्हीही फिरवलं. बाबांना ते फार आवडलं, मला म्हणाले, "बघ, जागा तीच आणि तोंड पुन्हा पुढे."

तू जेवत जा. हातांना तेल लावत जा, भेगा पडल्या असतील.

तोयो


असाहिकावा, २ फेब्रुवारी

ताई,

मला एकच गोष्ट खरी सांग.

तुमची बाकं फिरली म्हणजे गाडी फिरली. गाडी एन्गारूला ज्या तोंडानं आत येते त्याच्या उलट निघते. तुमच्या बाजूचं इंजिन एका टोकाला सुटतं आणि आमचं दुसऱ्या टोकाला जोडतात. हे मला ठाऊक आहे. रोज माझ्या डोळ्यांपुढे होतं. पण माझी गाडी एन्गारूला सुरू होते आणि असाहिकावाला संपते, पलीकडून ती कशी येते ते मी कधी मनात आणलंच नाही. घर सोडलं तेव्हा एकदाच त्या वाटेनं आलो, ते टोपी तोंडावर ओढून झोपून.

तुम्ही कितामीला इंजिनापासून दुसऱ्या डब्यात बसलात. मी सांगितलं तसं.

मग एन्गारूच्या पुढे तुम्ही कुठे होतात? आणि तो हात कुणाचा होता?

बाबांना ताप आहे का?

किसाकु


कामिझावा, ९ फेब्रुवारी

किसाकु,

वर पत्ता बघितलास ना. आम्ही घरी आलो आहोत.

सगळं लिहिते. बाबांनी नको म्हटलं होतं, म्हणाले, "त्याला कळवू नकोस. भट्टीपुढच्या माणसाचं लक्ष उडालं की जाळ बसतो." पण तू विचारलंस, आणि मला तुझ्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलवत नाही.

आम्ही शेवटून दुसऱ्या डब्यात होतो. कितामी ते एन्गारू छान ऊब होती. पहिली खिंड कशी गेली ते कळलंही नाही. बाबांनी दोन्ही पाय नळावर ठेवले होते, कोट काढून मांडीवर घेतला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पुढचं इंजिन आमच्या पोराचं." एन्गारूला बाक फिरवलं, तोंड पुन्हा पुढे झालं, आणि आम्हाला वाटलं आपण अजून पुढेच आहोत. मी खिडकी पुसून हात हलवला. तू बघितलास तो माझा नव्हता. असेल कुणाचा तरी. पण हलवला मीही होता.

चढ सुरू झाला तसा नळ निवायला लागला. बाबा हात खाली घालून दर थोड्या वेळानं चाचपायचे. म्हणाले, "चढासाठी राखतोय. बरोबर आहे." मग गाडी मागेपुढे व्हायला लागली आणि शेवटी थांबली. खिडक्यांच्या काचांना आतून बर्फ धरलं. गार्ड दिवा घेऊन आला, म्हणाला, "आजोबा, जमलं तर पुढच्या डब्यांत चला, तिकडे अजून थोडी धग आहे."

बाबा म्हणाले, "आम्ही पुढेच आहोत. इंजिनापासून दुसरे. इंजिनावर आमचा किसाकु आहे, त्यानंच सांगितलंय."

गार्ड बिचारा खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, इंजिन त्या टोकाला आहे. तुम्ही शेवटून दुसरे."

बाबांनी नळावरचे पाय खाली घेतले. मी त्यांना उठवलं. दोन डबे ओलांडले. प्रत्येक दारात माणसं उभी, सामानावर पोरं झोपलेली, सगळेच पुढे सरकायला निघालेले. डब्यांच्या मधल्या फटीतून बर्फ आत उडत होतं. तिसऱ्या दाराशी त्यांना अशी धाप लागली की एक सैनिकासारखा दिसणारा मुलगा म्हणाला, "बाई, यांना परत न्या, इथे उभे राहिले तर पडतील." परत आलो. मासेवाल्या बाईंनी आमची जागा धरून ठेवली होती. त्यांनी आपल्या पेट्यांवरचं गवत काढून बाबांच्या पायांभोवती गुंडाळलं. त्या म्हणाल्या, "माझ्या माशांना थंडी चालते." बाबा तेवढ्यातही हसले.

नंतर एकदा ते म्हणाले, "आता त्यानं चावी बंद केली." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "नळ वाजायचा थांबला." थोड्या वेळानं म्हणाले, "मीही बंद केली असती."

इस्पितळात तिसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर चांगले होते, खाटेशी बसून बोलले, पण म्हणाले, अशा छातीला मी हात लावणार नाही. ती खाट ओतारूच्या एका शाळामास्तरांना मिळाली. त्यांची बायको माझ्यापुढे इतकी वाकून वाकून माफी मागत होती की मलाच तिची समजूत काढावी लागली.

आता ताप नाही. सापोरोहून कालच तार आली, सव्वीस फेब्रुवारीला खाट रिकामी होते आहे. तेव्हा ताप नसला तर कापतील. या खेपेलाही जमलं नाही तर नाव पुन्हा शेवटी जाईल, आणि डाग वाढतो आहे.

बाबा म्हणतात, किसाकुच्याच गाडीनं जायचं. तो सांगेल त्या टोकाला बसू. तर सांग, कुठे बसू?

आणि एक. हे तुला दोष द्यायला लिहिलं नाही. मीही त्या गाडीत बसले होते. बाक मीही फिरवलं.

तोयो


असाहिकावा, १५ फेब्रुवारी

ताई,

कुठे बसा म्हणून सांगू? चार दिवस तेच करतोय. शेडमधल्या फळ्यावर खडूनं डबे काढतो आणि पुसतो.

कितामीला पुढे बसलात तर माझ्या खिंडीत मागे येता. कितामीला मागे बसलात तर माझ्या खिंडीत पुढे असाल, पण एन्गारूच्या आधीची ती पहिली खिंड शेपटात बसून काढावी लागेल, आणि तिथेही चढ तसाच आहे. एन्गारूला उतरून दुसऱ्या टोकाला चालत जावं म्हटलं तर फलाटावरचा वारा, आणि चढायला मिळेलच याचा भरवसा नाही. मधे बसलात तर दोन्हीकडे कोमट. एक माणूस आणि दोन खिंडी, ताई. त्यांच्यामध्ये गाडी फिरते. त्यातून बाबांना कुठे ठेवू?

मुकादमाकडे गेलो. म्हटलं, त्या दिवशी सुट्टी द्या, मी गाडीत बसून जातो, त्यांना उचलून नेईन. तो हसला नाही. पाळ्यांचा फळा दाखवला. तिघं तापानं पडलेत, एकाचा हात भाजलाय. "फेब्रुवारीत मी तुला सुट्टी दिली तर त्या गाडीला फायरमन कुठून आणू? मग तुझे वडील जाणार कशानं?" यावर तुला काही उत्तर सुचलं तर कळव.

ओनोदेरा-सानांना सांगितलं, बाबा शेवटून दुसऱ्या डब्यात होते. चढभर त्यांचं लक्ष काट्यावर. बोगदा पार झाल्यावर म्हणाले, "पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच सांगीन." मी म्हटलं, ठाऊक आहे. मग म्हणाले, "आणि तू?" मी म्हटलं, मीही बंद करीन. मग त्यांनी आपला सगळा जेवणाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर बघत राहिले. मला खाववलं नाही. काय करणार, त्या गाडीत सातशे माणसं असतात. एका माणसासाठी चावी उघडी ठेवली आणि काटा खाली बसला, तर बाबाही तिथेच अडकणार.

आता रोज तेच होतं. चढावर चावीला हात लागला की मला नळ वाजायचा थांबलेला ऐकू येतो. तो माझ्या ठिकाणाहून ऐकू येत नाही, तरी येतो.

तर माझ्या गाडीनं येऊ नका.

इकेदाकडून जा. कितामीहून दक्षिणेला जी गाडी जाते ती. इकेदाला उतरा, रात्री स्टेशनासमोरच्या खानावळीत झोपा, गरम पाण्यात बसवून बाबांना शेक दे, आणि सकाळी तिकडची सापोरोची गाडी पकडा. एक दिवस जास्त जातो, म्हणून चोवीस तारखेलाच निघा. तिकडे बर्फ कमी पडतं, ऊन असतं. त्या वाटेनं जाणाऱ्या फायरमनना मी विचारलंय, गाडी मधे फिरते का म्हणून. नाही म्हणाले. तीनदा विचारलं. म्हणजे इंजिनापासून दुसरा डबा तिथे शेवटपर्यंत दुसराच राहतो. आता मी सांगितलेल्यावर विश्वास ठेवायचा का, ते तू ठरव. इकेदाच्या स्टेशनमास्तरला तूही विचार.

तिकडेही खिंड आहे. वादळ आलं तर तीही अडेल, आणि वाफ कमी पडली तर तिथला ड्रायव्हरही सांगेल. पण चावी बंद करणारा हात माझा नसेल. बाबांना हे सांगू नकोस. त्यांना सांग, किसाकुची पाळी बदलली.

चोवीस आणि पंचवीसला मी माझ्या खिंडीतच असेन. तुम्ही कुठे पोचलात ते मला कळणार नाही. पोचल्यावर तार कर, एका शब्दाची कर, ताप आहे किंवा नाही.

तिकिटं, खानावळ, आणि बाबांच्या पायांसाठी लोकरीचे मोजे, जाड, दोन जोड. एवढ्यासाठी मनीऑर्डर आज सकाळीच केली. तीन हजार दोनशे येन.

किसाकु